दक्षिणेला पाय

१९ जानेवारी, रविवार

डॉक्टरने सांगितले आहे की रात्री मनात जे येते ते दिवसा लिहून काढा, डोके हलके होईल. माझे शिक्षण सातवीपर्यंत, तेही शेवटची परीक्षा न देता. अपूर्वने त्याच्या बँकेची डायरी आणून दिली, तिच्यात लिहितो आहे. चुका होतील. कोणाला दाखवायची नाही.

आज शेजारी हळदीकुंकू होते. मी आपल्या ओट्यावर बसलो होतो. मधली भिंत कमरेएवढी, त्यामुळे सगळे ऐकू येते. बायकांनी हिला धरले. "अंजनीकाकू, नाव घ्या. नाव घेतल्याशिवाय वाण नाही मिळणार."

ही म्हणाली, "घेऊन राहिली ना. शिडाची घेऊ का साधी, तेवढंच ठरायचं आहे."

बायका खूप हसल्या. शेजारची नवी सून म्हणाली, "काकू, नाव म्हणजे नाम. बोट नाही."

"माहीत आहे वो मला. यांचं नाव आता जुनं झालं, ते काय घ्यायचं? मी दुसरी घेऊन राहिली."

मलाही हसू आले. ही कधीकधी अशी गंमत करते. पण घरी आल्यावर वाणाची चाळणी खुंटीला अडकवत म्हणाली, "दोन तारखेला बरगीला जायचं आहे. भाऊराव साहेबांची शिडाची नाव आहे तिथे. विकून राहिले ते. आत दोघांना राहता येते म्हणतात."

मी विचारले, "कोण दोघं?"

"तुम्ही अन् मी. दुसरं कोण?"

२१ जानेवारी, मंगळवार

दोन दिवस वाट पाहिली, की म्हणेल गंमत केली. म्हणाली नाही. पावसाचे चार महिने घरी आणि बाकीचे दिवस पाण्यावर राहायचे, असे तिचे पक्के ठरले आहे.

मला पोहता येत नाही. हिलाही येत नाही. मी सगळी नोकरी रेल्वेच्या छोट्या लाईनीवर फाटकवाला म्हणून केली. आमच्या आयुष्यात पाणी म्हणजे फाटकाजवळचा हँडपंप. रिटायर झालो तेव्हा इथे कांचघरला दोन खोल्या बांधल्या. इथूनही गाड्यांचा आवाज येतो, तेवढीच सोबत. गाडी आली की जाग येते, मग उठून दाराची कडी पाहतो, गॅस पाहतो, गल्लीचे लोखंडी फाटक पाहतो. परत पडलो की पुढची गाडी येते. त्याला मी काही दुखणे म्हणत नाही, पण अपूर्व म्हणतो. त्याने डॉक्टरची गोळी सुरू केली, तिने दिवसभर डोके जड राहते. त्याच गुंगीत या महिन्यात न्हाणीघरात पडलो. गुडघा अजून काळा आहे. डॉक्टर म्हणतो गोळी वाढवू. गोळीचे नाव काढले की हिचे तोंड उतरते.

ही नावेची गोष्ट हिच्या डोक्यात कुठून आली ते मला ठाऊक आहे. डिसेंबरात हिचे भजनी मंडळ नर्मदेवरच्या बरगी धरणावर सहलीला गेले, मलाही नेले. नावेत बसवले. मला कठड्याला डोके टेकून झोप लागली ती परत काठाला लागेपर्यंत. सगळे हसले. ही तेवढी हसली नाही. पाणी पाहायला म्हणून इतक्या लांब गेली, आणि सगळा वेळ पाण्याकडे पाठ करून माझ्याकडे तोंड करून बसली होती, असे मागून मंडळातल्या बायकांनी सांगितले. तेव्हा दिसले नाही म्हणूनच आता पाण्यावर राहायचा हट्ट असावा.

नाही म्हणणे मला जमत नाही. चव्वेचाळीस वर्षांत हिने माझ्याजवळ काही मागितले नाही. एक मागितले तर ते हे.

२६ जानेवारी, रविवार

अपूर्व राइट टाउनच्या फ्लॅटवरून आला. जिलेबी आणली होती. आईने सांगितल्यावर त्याच्या हातातली जिलेबी हातातच राहिली.

"आई, रिटायरमेंट में ऐसा कोई करता है क्या? बाबांना गच्चीवरची टाकी साफ करताना चक्कर येते अन् तू त्यांना धरणात ठेवून राहिली?"

"धरणात नाही, नावेत."

"माझ्याकडे चला ना दोघंही. पाचवा मजला आहे, लिफ्ट आहे, गाडीचा आवाज नाही."

"तुझ्याकडे आलो होतो दिवाळीत," ही म्हणाली. "हे रात्रभर लिफ्टचं दार ऐकून राहिले होते. कोण आलं, कोण गेलं. सकाळी वॉचमनला हजेरी देऊन राहिले."

हे खरे आहे, पण त्या वॉचमनला माहीतच नव्हते कोण कधी आले. त्याचा दोष माझ्यावर कशाला?

अपूर्व म्हणाला, "बाबा रिटायर झाले आई, आता त्यांना आराम करू दे."

"तुझे बाबा रिटायर कुठे झाले आहेत अजून?"

मी रिटायर होऊन कितीतरी वर्षे झाली. कागद ट्रंकेत आहेत. ही कधीकधी विचार न करता बोलते.

२ फेब्रुवारी, रविवार

भाऊराव साहेब पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर. त्यांच्या मिसेस हिच्या भजनी मंडळात आहेत. साहेबांचे गुडघे गेले, म्हणून होळीनंतर ते मुलीकडे पुण्याला चालले, नाव ठेवायची कुठे? आपल्या गाडीतून आम्हाला बरगीला नेले. त्यांचे मराठी पुस्तकातल्यासारखे आहे, म्हणून मी कमी बोललो.

नाव फायबरची, पांढरी, पोटाला निळा पट्टा. मध्ये ॲल्युमिनियमचा उंच खांब, त्याला शीड गुंडाळून बांधलेले. खाली उतरले की छोटी खोली. त्यात चूल ठेवायला जागा, पाण्याची टाकी, आणि नावेच्या नाकाकडे निमुळता होत गेलेला झोपायचा ओटा. दार बंद केले की पेटीत बसल्यासारखे. पण स्वच्छ. मला आवडली असे वाटले, मग वाटले नसावी.

हिने खोली, चूल काही पाहिले नाही. मला म्हणाली, "तुम्ही जरा पडून पहा." मी पडलो. ही दार ओढून बाहेर जाऊन उभी राहिली, बराच वेळ. माझी उंची ओट्यात बसते की नाही ते पाहायचे असेल, पण त्याला दार कशाला लावायचे?

खांबावर दोऱ्या आपटून टणटण आवाज येत होता. हिने विचारले, "साहेब, हे टणटण बंद होते का?"

"अहो अंजनीबाई, ती शिडाच्या नावेची भाषाच आहे. वारा आहे तोवर बोलणारच. आठवड्याभरात सवय होते."

"यांना सवय लवकर लागते, तेच तं आहे," ही म्हणाली.

मी एकच प्रश्न विचारला, की रात्री नाव कुठे बांधायची. साहेब म्हणाले, "बांधायची नाही. मध्ये नांगर टाकायचा. मग ती आपोआप वाऱ्याकडे नाक करून उभी राहते. वारा फिरला की तीही फिरते."

परत येताना गाडीत मला एकदम कळले. नाकाकडे डोके. थंडीत वारा येतो उत्तरेकडून. म्हणजे नाक उत्तरेला, डोके उत्तरेला, आणि पाय?

४ फेब्रुवारी, मंगळवार

पाय दक्षिणेला. यमाच्या दारात पाय करून जिवंत माणूस झोपत नाही, ही गोष्ट लहान पोराला माहीत असते. माझ्या वडिलांनी वाशीमवरून इथे आल्यावर पहिल्या दिवशी सूर्य कुठून उगवतो ते पाहून मग खाट टाकली होती. फाटकाच्या कोठडीत जागा नव्हती, तरी मी तिरपा झोपायचो पण दक्षिणेला पाय केले नाहीत.

भाऊराव साहेबांना फोन केला. ते खूप हसले. म्हणाले, "मग उलटे झोपा, गुणवंतराव. डोके शेपटीकडे." उलटे झोपलो तर नाकाकडे पाय येतात आणि तिथे ओटा इतका निमुळता की दोघांचे चार पाय मावत नाहीत. आणि वारा फिरला की पुन्हा तेच. घर कसे, एकदा बांधले की दिशा ठरते. हे घर स्वतःच फिरते. देव कोणत्या तोंडाने मांडायचे? तुळस कुठे?

हिला सांगितले. मला वाटले हिरमुसेल. ती म्हणाली, "बरं झालं. मलाही ती टणटण नको होती. दुसरी पाहू."

"दुसरी फिरणार नाही का?"

"दुसरी पाहू तं खरं."

९ फेब्रुवारी, रविवार

दुसरी पाहिली. धरणाच्या वरच्या अंगाला नीलकंठ बर्मन म्हणून नाववाला आहे, सहलीत त्याच्याच नावेत बसलो होतो. हिने तेव्हाच त्याचा नंबर घेतला होता, हे मला आज कळले. माणूस बोलका आहे. अर्धे खरे, अर्धे पाण्यावरचे.

"बाबूजी, इस नाव में तो मेरे दादा ने हाथी पार कराया था."

ही म्हणाली, "भैया, नाव तो नई दिख रही है."

"नई है माताजी. दादा वाली ऐसी ही थी."

लाकडाची आहे, सपाट तळाची, चांगली रुंद. मागच्या भागावर बांबू वाकवून त्यावर चटई आणि ताडपत्री घातली आहे, बैलगाडीच्या छपरासारखी. आत पलंग नाही, ओटा नाही, नुसत्या सपाट फळ्या. पुढे बांबूचा खांब, त्यावर एक आडवा बांबू, आणि त्याला मातकट रंगाचे शिवलेले शीड. एका कोपऱ्यात पाणी झिरपते. नीलकंठ म्हणतो लाकूड फुगले की बंद होईल. मला शंका आहे. त्याच्याकडे इंजिनवालीही एक होती, ती जास्त सोयीची, पण ही म्हणाली, "इंजिन नको. फडफड चालेल, धडधड नको."

मी शौचाचे विचारले. नर्मदेत ते करायचे आणि सकाळी तिचेच पाणी देवाला घालायचे, हे माझ्याने होणार नाही. नीलकंठने कानाला हात लावला. "राम राम बाबूजी, मैया में कुछ नहीं जाएगा. किनारे पे हमारे घर के पीछे पक्का बना है. सुबह नाव लगाओ, निपटो, फिर जहाँ मन करे जाओ." म्हणजे मला पोटाची वेळ सांभाळावी लागेल. तशी मी सांभाळतोच.

मग दिशेचे विचारले. तो म्हणाला, दोन्ही टोके काठाला बांधून ठेवा, हलणारच नाही. मला पटले. पण ही एकदम म्हणाली, "नाही. काठावर कुत्रे आहेत, जीपा येऊन राहिल्या, सहलीवाले गाणे लावतात. मध्ये राहायचं."

"मध्ये फिरते ना," मी म्हटले.

"फिरू द्या. फळ्या सपाट आहेत. गादी फिरवता येते."

हे मला सुचले नव्हते. वारा फिरला की नाव फिरेल, नाव फिरली की मी उठून गादी फिरवीन. तसाही मी जागाच असतो. मी हे बोललो तेव्हा हिने माझ्याकडे असे पाहिले की जसे मी पुन्हा न्हाणीघरात पडलो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

नाव उलटली तर. वीज पडली तर. रात्री गोळी घेऊन कडेला गेलो तर. हिला काही झाले आणि नाव चालवणे मला येत नसले तर. शीड कोणत्या दोरीने उतरते ते मी विचारलेच नाही. साप पोहतात. झिरपते आहे ते वाढले तर. गावात लोक म्हणतील मुलाने घराबाहेर काढले.

लिहून झाले. डोके हलके झालेले नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

अपूर्व नव्या गोळ्या घेऊन आला, डॉक्टरने वाढवलेल्या. हिने पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि त्याला म्हणाली, "होळीपर्यंत थांब. एक रात्र नावेत राहून पाहू. नाही जमलं तं मी स्वतःच्या हाताने ही गोळी देईन यांना, अन् नावेचं नाव काढणार नाही पुन्हा."

अपूर्व म्हणाला, "प्रॉमिस?"

"पक्कं."

मला कोणीच विचारले नाही. गोळीचा आणि नावेचा काय संबंध, हेही कळले नाही. पण एक गोष्ट कळली. त्या एका रात्रीत मी घाबरलो, ओरडलो, काठाला चला म्हटले, तर हिची नाव जाईल. चव्वेचाळीस वर्षांतली एकुलती एक मागणी. म्हणजे घाबरायचे नाही. घाबरलो तरी दाखवायचे नाही. दक्षिणेचे तेवढे मी सांभाळीन.

२४ फेब्रुवारी, सोमवार

अपूर्वकडून दिशा दाखवणारे यंत्र मागवले. त्याने फोनमध्येच आहे म्हणून दाखवले. मी बोट लावले तर दुसरेच उघडले. शेवटी त्याने डबीसारखे एक आणून दिले, काटा आपोआप उत्तरेला जातो. घरात सगळीकडे ठेवून पाहिले. आमची खाट बरोबर आहे.

नावेतल्या रात्री गोळी घ्यायची नाही असे ठरवले. पहारा द्यायचा आहे.

२ मार्च, रविवार. नावेत

काल संध्याकाळी आलो. नीलकंठने शीड लावून मध्यापर्यंत आणले, नांगर टाकला, आणि मागे बांधून आणलेल्या छोट्या डोंगीतून परत गेला. जाताना म्हणाला, आवाज द्या, येतो. आवाज तिथपर्यंत जाणार नाही हे मला दिसत होते.

भाकरी, झुणका, ठेचा खाल्ला. ही म्हणाली, "पडा." मी गादी पूर्व-पश्चिम घातली, डबी उशाशी ठेवली, आणि टेकून बसलो. झोपायचे नाही, फक्त टेकायचे असे ठरले होते. पाणी फळ्यांखाली चुळचुळत होते. मी पुढच्या गाडीची वाट पाहू लागलो. सवय. मग आठवले की इथे गाडी नाही. पुढचे मला काही आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा ऊन छपरातून अंगावर आले होते. डबी पाहिली. काटा माझ्या डोक्याकडे. पाय सरळ दक्षिणेला, एक बोटभरही इकडेतिकडे नाही. न जाणे किती वेळ तसा पडलो होतो. हातपाय हलवून पाहिले. सगळे हलत होते. गुडघासुद्धा.

ही पुढे खांबाजवळ बसली होती. मी रागावलो. "उठवलं काहून नाही मला? नाव फिरली तं सांगायचं होतं ना."

"उठवलं असतं तं उठले असते तुम्ही," ही म्हणाली. हे काय उत्तर झाले?

चहाही केला नव्हता. एवढे ऊन वर आले आणि स्टोव्ह तसाच. विचारले तर म्हणाली, "स्टोव्ह फार आवाज करते तो." तिचे डोळे लाल होते. शिडाची दोरी तिने दोन्ही हातांना गुंडाळून घट्ट धरलेली. सोडवली तर तळहातावर वळ उठलेले.

"हे काय?"

"आडवा बांबू वाजून राहिला होता खांबावर. धरून बसली."

"मला तर काही ऐकू आलं नाही."

"नाही ना?" असे म्हणून ही हसली, आणि डोळे पुसले. मी म्हटले ऐकू आले असते तर मी उठलोच असतो. ही म्हणाली, "तेच तं."

मग मी चहा केला. पहिल्यांदा स्टोव्ह भडकला, पण जमले.

तोच दिवस, दुपारी

भाकरी खाता खाता ही बसल्या जागी आडवी झाली. मी दोरी हातात घेतली, कारण वारा आला की बांबू खरोखर वाजतो. पण थोडी ढील दिली की आणखी वाजतो, ओढून धरली की गप्प. वेळ लागला, पण आता जमते आहे. डाव्या हाताने दोरी धरून उजव्या हाताने लिहितो आहे, म्हणून अक्षर असे.

एक विचित्र गोष्ट पाहतो आहे. ही घोरते. तोंड उघडे, हात पसरलेले, पदर कुठे, भान नाही. मघाशी मासे पकडणाऱ्यांची नाव अगदी जवळून गेली, त्यांचे बोलणे चालले होते, ही हललीसुद्धा नाही. माझ्या नोकरीत आणि नंतरही, रात्री मी ज्या ज्या वेळी उठलो त्या त्या वेळी ही जागी असायची. "काय झालं? पाणी देऊ?" असे विचारायची. मला वाटायचे हिलाही माझ्यासारखीच झोप नाही. आम्ही दोघे एकाच जातीचे, असे मी लोकांना सांगायचो.

या बाईला तर दगडासारखी झोप लागते.

डायरी मिटून दोन्ही हातांनी दोरी धरून बसलो होतो.

डबी काढून पाहिली. हिचे पाय आता दक्षिणेला आले आहेत. गादी ओढली तर जागी होईल. मी डबी बंद करून फळीखाली सरकवली. बांबूला जुनी गोधडी गुंडाळली तर हात मोकळे राहतील आणि कोणालाच जागायला नको. कांचघरला दोन आहेत जास्तीच्या.

आता नीलकंठ डोंगी घेऊन येताना दिसतो आहे. लांबूनच ओरडतो आहे, "बाबूजी, कैसी रही रात? बोलो, कौन सी लोगे? साहब वाली कि मेरी?" मी हाताने त्याला गप्प केले. तो जवळ आला, हिला झोपलेली पाहून त्याने वल्हे पाण्यातच धरून ठेवले, आणि नुसत्या मानेने विचारले, कौन सी?

मी दोरी सोडली नाही. फक्त मान खाली करून दाखवले. हीच.